दोनशे तीन किलोमीटर

वहीत दोन रकाने आखले:
रेनो फाइव्ह टर्बो, फ्रान्स.
लान्चिया डेल्टा इंतेग्राले, इटली.
तिसरा देश माझ्या बुटांखाली,
जिथं दोघींचंही माहेर नाही;
म्हणून निवाडा इथंच व्हावा,
असं त्सूगचे बूखर साहेब म्हणाले.
त्यांच्या तळघरात एकच जागा उरलीय.

मार्तिन्यीत एप्रिल.
मोहोर गोठू नये म्हणून जर्दाळूंवर
रात्रभर पाणी फवारलेलं,
सकाळी फांदीफांदीवर बर्फाची काच.
सेव्हरँ दार्बेलेनं गॅरेजचं दार सरकवलं
आणि ताडपत्र्या ओढल्या,
एका कोपऱ्यापासून, चोरासारख्या.

फ्रेंच मुळात बाजारहाटाची.
मागच्या सीटवर कोबी, पोर, छत्री.
मग कुणीतरी ती सीटच उपटली
आणि तिथं इंजिन बसवलं:
पाठीराखा खरा, पण कानाशी ओरडणारा.
दोन्ही कुशी फुगलेल्या,
पदर खोचून भांडायला उभी.

इटालियन चौकोनी, अबोल.
चारही चाकांत जोर, काळ्या तबकड्यांत पिवळे काटे,
सीटवर बसल्याची खूणही नाही.
धाव दोनशे तीन किलोमीटर.
म्हणजे तोरिनोहून, घाट ओलांडून, या भिंतीपर्यंत.
बस्स.

आमच्या धंद्यात गुडघे आधी जातात, मग डोळे.
चुंबक, विजेरी, रंगाची जाडी मोजणारं यंत्र.
लान्चियाच्या छताला कोपऱ्यात तडा शोधला,
या जातीला जातो तिथं. नव्हता.
शंभर मायक्रॉन. एकशे दहा. शंभर.
रेनोच्या डाव्या कुशीवर यंत्र ठेवलं
आणि आकडा सहाशेवर गेला.

मी वर पाहिलं.
सेव्हरँ खिडकीतून जर्दाळू पाहत होता.

"फोर्क्लाजचं तिसरं वळण," तो म्हणाला,
"शर्यत नव्हती. रविवार होता.
चालवत होती एर्मेलीन, नकाशा माझ्या मांडीवर.
बहीण. आहे की अजून, सियोंमध्ये दात काढते लोकांचे.
पण चाकामागे पुन्हा बसली नाही.
म्हणून ही दुसरी आणली, चारही पायांवर उभी राहणारी,
म्हटलं, हिला तरी भिणार नाही.
किल्ली पाठवली.
पोस्टानं परत आली."

बूखर साहेबांचा फोन: कोणती सरस?
जी धावली नाही, ती महाग.
हा आमचा पहिला नियम,
आणि तो सांगताना मी दर वेळी
दुसरीकडे कुठंतरी पाहते.
"लान्चिया," म्हटलं.
ट्रक संध्याकाळी येईल.

मग सेव्हरँनं रेनोचं दार उघडलं. "बसा."

टर्बो म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.
तरी त्यानं सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं:
गाडीनं टाकलेला श्वास, वाया जाणारा,
त्यावरच एक पंखा फिरतो
आणि नवा श्वास छातीत कोंबतो.
म्हणून उशीर.

त्यानं पाय दाबला.
काही नाही.
द्राक्षमळे. एक कुंपण. सायकलवर एक बाई.
मी म्हणणार होते, काहीतरी बिघडलंय —
आणि मागून कुणीतरी
दोन्ही तळव्यांनी डोंगरावर ढकललं.

"इथंच चुकलं तिचं!" तो ओरडला.
"येईना म्हणून अजून दाबला.
आणि मग आलं सगळं एकदम,
ऐन वळणात."

तिसऱ्या वळणाला त्यानं पाय आधीच उचलला,
इतका आधी, की मागची व्हॅन हॉर्न वाजवत राहिली.

खाली आल्यावर विचारलं, "किती घसरेल हिची किंमत?"
"चाळीस टक्के. कदाचित निम्मी."
"लिहा. ठळक लिहा.
नाहीतर उद्या हीसुद्धा कुणी मागेल."

लिहिलं: डावी मागची बाजू, सहाशे मायक्रॉन.
हात अजून थरथरत होता.
खालची सही
दुसऱ्याच कुणा बाईची वाटते.